तिकिटाआधीची ओटी

नात चालायला लागली. तिला पैंजण पाहिजेत, आणि पैंजण दुकानाच्या काचेतून उचलून आणायचे हे काही माझ्या जिवाला पटेना. आम्ही चांदीच्या गावच्या सुना. हुपरीच्या अलीकडं आमचं गाव, घराघरात भट्टी आणि दारादारात घुंगरं. नवऱ्याला साखर कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही कसबा बावड्यात येऊन राहिलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी परवा सकाळी उठले, डब्यात चार धपाटी बांधली आणि एसटी धरून गावी गेले.

गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि उगाच थांबले. काहीतरी चुकत होतं. मग लक्षात आलं, ठोक्यांचा आवाजच नाही. आमच्या वेळी ह्या गल्लीत शिरलं की दोन्ही अंगांनी टुकटुक सुरू असायची. आता एका मोठ्या शेडमधून मशीनची एकसुरी घरघर येते. साखळी आपोआप विणून बाहेर पडते म्हणे. पडू दे बापडी. तिला गप्पा मारता येतात का, एवढंच मला विचारायचं होतं.

तेवढ्यात भोंगा लावलेली रिक्षा आली. नगरपालिकेची निवडणूक लागलेली आहे. "नगराध्यक्षपदाच्या अधिकृत उमेदवार..." असं काहीतरी ओरडत रिक्षा वळली आणि धूळ उडवून गेली. बाकीचं मला ऐकूच आलं नाही. 'अधिकृत' ह्या शब्दाशीच माझा जीव अडकला. ह्याच गल्लीनं तो शब्द एका बाईच्या नावाआधी लागावा म्हणून काय काय केलं होतं! ती बाई म्हणजे आमची शोभावैनी. मागच्या वर्षी ती गेली. मी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात होते, मला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही.

शोभावैनीचं घर गल्लीत मधोमध. तिचा नवरा अण्णा चांदी आटवायचा, तार ओढायचा, आणि त्या तारेच्या कड्या करून जोडायचं काम आम्हा बायकांचं. जेवणं उरकली की सगळ्याजणी वैनीच्या सोप्यात यायच्या. गुडघ्यावर फडकं, फडक्यावर कड्या, हातात चिमटा. रिठ्याच्या पाण्याचा वास, भट्टीतल्या कोळशाचा वास, आणि चुलीवरच्या आमटीत वैनीनं टाकलेल्या कांदा-लसूण चटणीचा वास. तिन्ही एकत्र झाले की मला आजही भूक लागते. पावसाळ्यात चांदी उजळायच्या तेजाबाचा धूर घराबाहेर जायलाच मागायचा नाही, नाक चरचरायचं, तरी कुणी उठायची नाही. थंडीत तर भट्टीपुढची जागा पटकवायला भांडणं व्हायची. दिवाळीच्या आधी काम इतकं असायचं की भाकरी करपायच्या आणि नवरे बोंबलायचे. संध्याकाळी उठताना सगळ्यांनी एकाच घमेल्यात हात धुवायचे, कारण नखात अडकलेली चांदीची कणीसुद्धा वाया घालवायची नाही. ते काळपट पाणी अण्णा जपून ठेवायचा. एका पाण्यात हात धुतलेल्या बायका आम्ही, आमच्यात जात, भावकी, पार्टी असलं काही उरायचंच नाही.

वैनीचं नाव गावात झालं ते त्या तेजाबाच्या पाण्यावरून. घराघरातलं ते पाणी गटारीतून थेट खालच्या विहिरीला जायचं. तिनं पहिल्यांदा स्वतःच्या घराचा पाट बुजवला आणि शोषखड्डा काढून घेतला. अण्णा चिडला, दोन दिवस बोलला नाही. मग ही दुसऱ्यांच्या दारात गेली. "आधी माझ्या घरात जाऊन बघून या, मग मला शिव्या द्या," म्हणायची. वर्षभरात विहिरीच्या पाण्याची दुर्गंधी गेली. भाषण तिला येत नव्हतं. उभारली की पदराचं टोक पिळत राहायची. पण गाव तिच्या मागं चालत होतं.

नगराध्यक्षपद बाईमाणसासाठी सुटलं आणि सोप्यात कड्या जोडता जोडता कुणीतरी म्हणालं, "वैनी, तू उभार की!" झालं. गल्लीला दुसरा विषयच उरला नाही. वैनी म्हणाली, "आघाडीनं तिकीट दिलं तर उभारीन. न्हाय दिलं तर गप घरात बसीन. अपक्ष उभारून गावात दोन तट पाडायचं पाप मला नगं." सगळं त्या तिकिटावर येऊन थांबलं. मतदान राहिलं लांब, आधी कोल्हापूरच्या पुढाऱ्यांनी इच्छुकांच्या मुलाखती घ्यायच्या, त्यातून एक नाव निवडायचं. इच्छुक चार होत्या. तिघींचे फलक चौकात लागले, प्रत्येकीच्या नावाआधी 'भावी'. आमच्याकडं फलकाला पैसे कोण देणार? मग बायकांनी रांगोळी काढली. रोज सकाळी प्रत्येक दारात शोभावैनीचं नाव. त्यावर पाय द्यायची कुणाची टाप नव्हती. दूधवाला किटली सांभाळत उड्या मारत यायचा आणि म्हणायचा, "आगं बायांनो, तिकीट तरी मिळू द्या! तंवर माझं गुडघं जातील."

"जाऊ देत की," बायका म्हणायच्या, "वैनी निवडून आली की दवाखाना काढंल!"

एकीनं गाणं जुळवलं होतं. 'शोभावैनी उभारली, गल्ली सारी मोहरली' एवढंच, पुढं तिला काही सुचेना. त्या दोन ओळीच आम्ही महिनाभर म्हटल्या. चिमट्याच्या ठेक्यावर, सगळ्याजणी, सूर कुणाचाच लागत नव्हता. काय दिवस होते ते! खरं सांगते, मी स्वतःच्या लग्नातसुद्धा एवढी हरखले नव्हते.

मुलाखती कोल्हापुरात एका मंगल कार्यालयात होत्या, अकराला. अण्णाला तापानं धरलं होतं, म्हणून वैनीबरोबर मी जायचं ठरलं. मी बारावी झालेली, चार शब्द धड बोलेन असा सगळ्यांचा गैरसमज. जीप शिवाप्पाची. आठला निघायचं, म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरांतून वाट काढत गेलं तरी दहाला पोचतो, असा त्याचा हिशेब.

आता ऐका काय झालं ते. आमच्याकडं बाईमाणूस मोठ्या कामाला निघालं की ओटी भरून लावायची पद्धत. पाट मांडायचा, पूर्वेला तोंड करून बसवायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ, खण, तांदूळ पदरात घालायचे. वैनीची ओटी तिच्या जावेनं घरातच भरली. जीप सुरू झाली आणि शेजारची पाट घेऊन दारात उभी. "वैनी, माझ्या हातची घेतल्याबिगर जायाची न्हाईस!" ओटीला नको म्हणायचं नसतं. वैनी उतरली. ती उठते तोवर समोरचीनं पाट मांडलेला. मग तिच्या पलीकडची. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं बरं का! प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त आपल्यालाच सुचलंय.

गल्ली संपली म्हणून मी हुश्श केलं, तर वळणावर खालच्या गल्लीतल्या बायका. "वरच्या गल्लीची घेतली आणि आमच्या दारावरनं तशीच जाणार व्हय?" आता तिथं नाही कसं म्हणायचं? ज्या बाईला उद्या मतं मागायची तिनं एक दार टाळलं तर दहा दारं तुटली. नारळ पोत्यात भरायला लागलो. वैनीचं कपाळ कुंकवानं माखून गेलं, नाकाच्या शेंड्यावर हळद. शिवाप्पा हॉर्न वाजवून दमला. मी घड्याळ दाखवलं की वैनी म्हणायची, "एवढंच दार गं," आणि तिच्या डोळ्यांत पाणी. सासरी येताना ओटी घेऊन आली तेव्हापासून एवढी माया तिच्या पदरात कुणी घातली नव्हती, हे मला दिसत होतं. म्हणून मीही फार ओढलं नाही.

शेवटचं घर बाळाक्काचं, अगदी रस्त्याला लागून. बाळाक्का आमच्यातलीच, रोज सोप्यात येऊन कड्या जोडणारी, सगळ्यांत जुनी, सगळ्यांत तोंडाळ. चिमटा चालवताना ती जे बोलायची ते इथं लिहिता येणार नाही. पण त्या दिवशी ती दाराआड उभी होती. नवरा जाऊन तिला दोन वर्षं झालेली. तिच्या हातची ओटी कोण घेणार? ती नुसती बघत होती, आणि आम्ही बघतोय म्हटल्यावर आत सरकली.

"शिवाप्पा, थांबव," वैनी म्हणाली.

"वैनी, आता उशीर..."

"थांबव म्हटलं न्हवं!"

उतरली आणि तडक बाळाक्काच्या दारात जाऊन उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसली. पाटसुद्धा नाही, जमिनीवर. पूर्वेला तोंड करून. "आक्का," ती म्हणाली, "माझी ओटी भरा."

मागनं आलेल्या बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. बाळाक्का पांढरीफटक. "येड लागलं का तुला? शुभ कामाला निघालीस तू. माझा हात लावती व्हय?"

"तुमच्या हातच्या कड्यांची पैंजणं गावोगावच्या नव्या नवऱ्या घालत्यात. त्यास्नी चालतंय आणि मला न्हाय चालत? भरा."

बाळाक्काच्या घरात नारळ नव्हता. दोन वर्षांत कुंकूही नव्हतं. शेजारणीनं आपला नारळ पुढं केला तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या नारळानं ओटी भरत न्हाईत." आत गेली, भट्टीच्या काजळीचं लुगडं सोडून धुतलेलं नेसली, आणि गुडघे धरत धरत चौकातल्या वाण्याकडं निघाली. कुणाला जाऊ देईना. आम्ही सगळे वाट बघत. वैनी जमिनीवर बसलेली, शांत. बाळाक्का परत आली तेव्हा जो तो ओरडत होता, "आक्का, आटपा! आक्का, चला की लवकर!" त्या घाईत निम्मे तांदूळ पदरात, निम्मे जमिनीवर. कुंकू लावताना बोट कपाळावरून घसरलं. वैनीनं खाली वाकून सांडलेले तांदूळ वेचायला घेतले आणि मी तिला दंडाला धरून उठवलं. शिवाप्पानं गाडी काढलीच.

रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. मोबाईल एकट्या शिवाप्पाकडं, त्यात बॅलन्स नाही. मंगल कार्यालयात पोचलो तेव्हा वाढप्यांची पानं मांडायची गडबड चालली होती. दारावरचा माणूस म्हणाला, "नाव तीनदा पुकारलं, ताई. कुणी आलं न्हाय. साहेब जेवाय बसल्यात." वैनी आत गेली, मी मागं. एक पुढारी उठून आला, नमस्कार केला, चांगला बोलला. "पुढच्या येळी बघू, वैनी." ती वळली आणि मागनं दुसऱ्या कुणाचा तरी आवाज आला, "जिला येळ पाळता येत न्हाय ती गाव काय सांभाळणार?" मी तोंड उघडणार होते. वैनीनं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

जीपमध्ये बसल्यावर ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. पदरातले तांदूळ पिशवीत ओतले, पिशवीचं तोंड बांधलं आणि म्हणाली, "गावात सांगायचं, आपण येळेत पोचलो. मुलाखत झाली. तिकीट म्हणं कालच ठरलंतं. शिवाप्पा, ऐकलंस न्हवं?"

"पर वैनी, का?" मी विचारलं.

"उशीर झाला म्हटलं की कुठं झाला ते विचारतील. मग म्हणतील, रांडमुंड बाईचा हात लागला, म्हणून गेलं. आक्काला जगू देणार न्हाईत. तिकीट गेलं तर गेलं. त्या बाईवर खापर नगं."

शिवाप्पानं देवाशपथ म्हटलं. मीही म्हटलं.

गावानं पुढाऱ्यांना पोटभर शिव्या दिल्या. बाळाक्कानं सगळ्यांत जास्त, नवीन नवीन दिल्या. त्या संध्याकाळी वैनीनं ओट्यांचे तांदूळ एकत्र करून मोठ्या पातेल्यात गूळभात केला. कुणाचा आंबेमोहर, कुणाचा रेशनचा, कुणाची कणी. काही शिजले, काही कच्चेच राहिले. सगळ्या गल्लीनं दाताखाली करकरत तो भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी दारादारातली रांगोळी नुसती सड्यानं पुसून गेली. पुन्हा कुणी नाव काढलं नाही. पुढच्या वेळी पद दुसऱ्या कुणासाठी सुटलं आणि वैनीची वेळ परत आलीच नाही. दूधवाला सरळ चालायला लागला, त्याचं मला फार वाईट वाटलं.

परवा पैंजणाचं माप देऊन झालं आणि मी बाळाक्काकडं गेले. आता पाठीत वाकलीय, डोळ्याला कमी दिसतं, तोंड मात्र तसंच. मला चाचपून म्हणाली, "बावड्याला जाऊन सुटलीस की गं! काय खातीस, साखर?" मग माझी धपाटी खाल्ली, दोन दातांनी, मिटक्या मारत. बाहेरून ती रिक्षा पुन्हा ओरडत गेली. बाळाक्कानं आवाज लांब जाईपर्यंत कान दिला. मग म्हणाली, "खरं सांग पोरी. शोभाचं तिकीट माझ्या ओटीपायी गेलं न्हवं?"

देवाशपथ म्हटलेलं. वैनी नाही आता, पण शब्द होता की. मी म्हणाले, "न्हाय ओ बाळाक्का. आम्ही येळेत पोचलोतो. तिकीट आदल्या दिवशीच ठरलंतं."

ती हसायलाच लागली. हसता हसता खोकला. "अगदी तस्संच म्हणतीस. शब्दाला शब्द. तिचीच शिकीव!" पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं. "अगं येडे, शिवाप्पाच्या पोटात कंदी काय ऱ्हायलंय? त्यानं दुसऱ्याच दिवशी सांगितलं मला, रडत रडत. त्याच्या जिवाला भार झालता."

"म्हणजे तुम्हाला एवढी वर्षं..."

"ठावं हुतं की."

"मग वैनीला कधी बोलला नाहीत?"

"कशाला बोलू? तिनं माझ्यासाठी एवढं मोठं झाकलं, आणि मी उघडून तिच्या हातावर ठेवू? तिला वाटू दे म्हटलं, आक्का फसली. रोज समोर बसून कड्या जोडल्या आम्ही. ती मला फसवायची, मी फसायची." तिनं डोळे पुसले, लपवलं नाही. "लई जड गेलं पोरी. पर दुसरं काय देणार हुते मी तिला?"

मी तिचा हात धरला. कड्या जोडून जोडून बोटांची टोकं दगडासारखी झालेली.

"ती गेली तवा तू नव्हतीस," बाळाक्का म्हणाली. "सवाष्ण गेली. हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. बायका जमल्या, ओटी भरायची म्हणून. मी आपली लांब, भिंतीला टेकून. आपलं तिथं काय काम? तर अण्णा उठला. सगळ्यांच्या देखत माझ्याकडं आला आणि हात जोडून म्हणाला, 'आक्का, पयली ओटी तुमची. शोभा मला सांगून गेलीया.' "

"मग?"

"मग काय! बसले तिच्यापाशी. हळद लावली, कुंकू लावलं, तांदूळ घातलं. एक दाणा सांडला न्हाय. समदी उभारली हुती, पर कुणी घाई केली न्हाय गं. निवांत भरली."